अकराशे चाळीस मुंग्या

कारखान्यात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे चाळण. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याचाच तिला जास्त अभिमान होता. लाइनीवरून गाडी उतरली की शेवटचा थांबा तिचा, त्याला फायनल म्हणत. पांढऱ्या नळ्यांच्या लख्ख उजेडात गाडी उभी राहायची. ताई तिच्याभोवती एक चक्कर मारायची, दाराच्या फटीतून नखाचं टोक फिरवायची, काचा खाली-वर करायची, आत बसून पेडलं दाबून बघायची आणि मगच कागदावर शिक्का उठवायची. शिक्क्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता, सात. सात नंबर बसला की गाडी यार्डात, यार्डातून ट्रकवर आणि ट्रकवरून थेट शोरूमला.

याआधी एकोणीस वर्षं तिनं पाण्याचे पंप तपासले होते. पंप बिघडला तर माणूस दोन शिव्या देतो आणि बादली उचलतो. गाडीचं तसं नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी स्वतःला बजावलं होतं.

गाडी विजेवर चालणारी, चार माणसांची, आणि किंमत अशी की ज्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर अंग चोरून प्रवास केला, तेही शोरूमच्या काचेला नाक लावू लागले. कंपनीनं तिचं नाव मोठं झुळझुळीत ठेवलं होतं. पण तिचं गोल डोकं आणि पुढे आलेले दोन दिवे बघून लाइनीवरच्या लोकांनी तिला पहिल्याच आठवड्यात मुंगी करून टाकलं, आणि ते नाव फाटक ओलांडून गावभर झालं.

ताईचा धाकटा भाऊ शोरूममध्ये विक्रीला होता. ताईच्या दोन खोल्या आणि त्याचं बिऱ्हाड समोरासमोर, मध्ये फक्त जिन्याचा चौक. भावाची जीभ अशी की टकल्याला कंगवा विकेल आणि वर तेलाची बाटलीही. गिऱ्हाईक कागद चाळायला लागलं की तो कागद हळूच बाजूला सारायचा आणि म्हणायचा, "साहेब, हे काय वाचताय? माझी सख्खी मोठी बहीण ही गाडी तपासते. घरी ती मला चहाचा कप दोनदा धुवायला लावते. तिच्या हातून सुटलेली गाडी म्हणजे डोळे मिटून घ्या."

लोक हसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

तीन महिन्यांत जेवढ्या गाड्या खपतील असा अंदाज होता, तेवढ्यांची नोंदणी दहा दिवसांत झाली. कारखान्यात पेढे वाटावेत तशा गोड बातम्या फिरू लागल्या, आणि दोन दिवसांनी त्या गोडाची कडू बाजू फायनलला येऊन पोचली. लाइनीचा सुपरवायझर, ज्याला सगळे घड्याळ म्हणत, ताईसमोर येऊन उभा राहिला.

"ताई, उद्यापासून एका गाडीला आठ मिनिटं."

"आज बारा आहेत."

"आज आहेत ना. उद्या आठ."

"मग चार मिनिटांचं काय काय सोडून देऊ, तेवढं लिहून द्या."

"लिहून देत नाही, सांगतोय," घड्याळ म्हणाला आणि मनगटाकडे बघत निघून गेला.

आठ तर आठ. ताईनं पाय उचलले. पण तेव्हापासून तिचा जीव काही थाऱ्यावर राहिला नाही. आधी गाडी तिच्यासमोर उभी असायची. आता ती गाडीमागं पळत होती. घरी आली तरी पाय एका जागी ठरत नव्हते. सुट्टीच्या दिवशी भाजी आणायला जायची आणि पिशवी रिकामीच ठेवून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मुंग्यांच्या दारांच्या फटी बघत फिरायची. एकदा एका मालकानं हटकलंसुद्धा, "बाई, काही हरवलंय का?" ती म्हणाली, "नाही, सगळं जागेवर आहे का बघतेय."

आता पंख्याची गोष्ट सांगायला हवी. लाइनीच्या मधोमध एक जागा अशी होती, जिथं माणसाला गाडीत पाठीवर पडून, डोकं डॅशबोर्डखाली घालून पेडलाची जोडणी करावी लागे. तिथं एक डावखुरा माणूस होता. त्याला सगळे डावरा म्हणत. अबोल, कामाला वाघ. वरून छताची धग, खाली पत्रा, आणि आता आठ मिनिटांची घाई. एका दुपारी तो तिथंच घेरी येऊन पडला. त्याला बाहेर ओढून तोंडावर पाणी मारणाऱ्यांत ताई पुढे होती. दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज लिहिला: या जागेवर पंखा पाहिजे. घड्याळानं टोलवलं, तर ती वरच्या साहेबाकडे गेली. त्यानं टोलवलं, तर त्याच्या वरच्याकडे. दोन आठवडे तिनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले आणि शेवटी पंखा आला. पंखा कसला, विमानाचा पंखाच तो, माणसाच्या उंचीचा. चालू झाला की कागद उडायचे आणि शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागायचं. पण डावऱ्याच्या शर्टावरचा घाम वाळला. जाता-येता तो ताईला बघून मान लववायचा. ताईला वाटलं, चला, एवढं तरी आपल्या हातून बरं झालं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी भाऊ जिन्याचा चौक ओलांडून आला. एरवी तो दारातूनच बोलायला सुरुवात करायचा. त्या दिवशी आधी खुर्ची ओढून बसला.

"ताई, एक गाडी पुलावर बंद पडली."

"कुणाची?"

"नर्सबाई आहेत एक. घरोघरी जाऊन बाळंतिणींना बघतात. सकाळच्या गर्दीत, पुलाच्या मधोमध. दिवे चालू, गाणी चालू, गाडी मात्र हलेना. ओढून आणली. वर्कशॉपवाल्यानं बंद करून चालू केली तर सुरू. तो म्हणाला, चार्जिंग संपलं असेल. त्यावर बाई अशा भडकल्या!"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अठरा वर्षं मी ऑक्सिजनचा काटा बघून माणसं जगवतेय, मला चार्जिंगचा काटा वाचता येत नाही होय?" भाऊ हसला नाही. "शिक्का सात नंबरचा आहे, ताई."

ताईच्या मनात पाल चुकचुकली. तिनं गाडीचा नंबर विचारला, तारीख काढली. तिनंच तपासलेली गाडी. त्या दिवशी काय बघितलं होतं आणि काय राहिलं होतं ते आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. पण दिवसाच्या सत्तावन्न गाड्यांतली एक गाडी कशी आठवणार? लग्नाच्या पंगतीत कुणी किती घास घेतले, हे वाढप्याला विचारण्यासारखं ते.

त्या आठवड्यात दुसऱ्या शोरूममधून तशीच एक बातमी आली. मग तिसरी. तिन्ही गाड्या वर्कशॉपमध्ये गेल्या आणि तिन्ही शहाण्या मुलासारख्या वागल्या. कागदावर शेरा पडला: दोष आढळला नाही.

रविवारी ताई भावाला घेऊन नर्सबाईंच्या दारात उभी राहिली. बाई उंच, हाडापेरानं मजबूत. हातातली दुधाची पिशवी न ठेवताच त्यांनी ताईला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे तुम्हीच त्या चहाचा कप दोनदा धुवायला लावणाऱ्या?"

ताईनं भावाकडे असं बघितलं की तो चपलांकडे बघू लागला.

"मीच," ती म्हणाली. "मला तुमच्या गाडीत बसायचंय. त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं. पुन्हा बंद पडेपर्यंत."

"आणि नाही पडली तर?"

"तर पुढच्या रविवारी पुन्हा येईन."

बाईंनी दूध आत ठेवलं आणि किल्ली उचलली.

पहिल्या फेरीला काही झालं नाही. दुसऱ्या फेरीलाही नाही. बाई मोकळ्या होऊन बोलू लागल्या होत्या. कुणाचं बाळ उलटं, कुणाची सासू उलटी. ताई मात्र हूं हूं करत पायाशी कान देऊन बसली होती. तिसऱ्या फेरीला पुलावरच्या लोखंडी पट्टीवर गाडी दणकली आणि बाई मध्येच थांबून म्हणाल्या, "गेली."

त्यांचा पाय पेडलावर होता आणि पायाखाली जणू नुसती हवा होती. समोरच्या पडद्यावर चार्जिंग निम्म्याच्या वर, गार हवा चालू, रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. गाडी घरंगळत जाऊन थांबली. मागून हॉर्नचा गलका उठला.

"बाई, उतरा, मला तुमच्या जागी येऊ द्या," ताई म्हणाली.

ती दार उघडून रस्त्यावर गुडघे टेकून बसली आणि डोकं पेडलांच्या वर घातलं. नर्सबाई मागे जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. एक ट्रकवाला खिडकीतून काहीबाही बोलला, त्यावर त्या कडाडल्या, "आत माणूस आहे! थांबता येत नसेल तर गाडी विका आणि पतंग उडवा!" भाऊ एरवी बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. आता तो गप उभा राहून येणाऱ्या गाड्यांना बाजूनं वाट दाखवत होता.

ताईला दिसत काहीच नव्हतं. ती बोटांनी बघत होती. वायरींचं जुडगं, त्यामागे पट्टी, पट्टीमागे पेडलाचा कपलर. कपलर म्हणजे वायरीची दोन टोकं एकमेकांत अडकवणारा प्लॅस्टिकचा जोड, अंगठ्याएवढा. तो हलला. पडायला आलेला दुधाचा दात हलतो, तसा. तिनं अंगठा ठेवून दाबला. टक असा बारीक आवाज झाला आणि कपलर दगडासारखा घट्ट बसला.

"चालू करा."

गाडी चालू झाली.

पूल उतरून बाजूला थांबल्यावर नर्सबाईंनी विचारलं, "सापडलं?"

"सापडलं."

"मग तोंड असं का उतरलंय?"

"फार सोपं निघालं म्हणून," ताई म्हणाली. अवघड काही असतं तर एखाद्या गाडीत निघालं असतं. हे इतकं सोपं होतं की कुठल्याही गाडीत असू शकत होतं.

सोमवारी शिफ्ट सुरू होताच ती फायनल सोडून सरळ डावऱ्याच्या जागेवर गेली. तो गाडीत पाठीवर पडून काम करत होता. पंखा घोंघावत होता. त्यानं कपलर जोडला, हात काढला, पुढचा स्क्रू घेतला. ताईनं गाडीत डोकं घातलं होतं, तरी तिला टक ऐकू आलं नाही. पुढच्या गाडीलाही नाही. तिनं मागे जाऊन पंख्याचं बटण बंद केलं.

"ताई, पंखा कशाला?" पलीकडून कुणीतरी ओरडलं.

"एकच गाडी. थांबा."

पंख्याची पाती मंदावत थांबली. डावऱ्यानं कपलर दाबला. टक. स्वच्छ, बोट मोडल्यासारखा. डावऱ्याचा अंगठा कपलरवरच राहिला. त्याला कळलं होतं.

"पंखा यायच्या आधी तू आवाज ऐकून हात काढायचास," ताई म्हणाली.

"हो."

"आणि आता?"

"बोटाला कळतं, ताई."

"दर वेळी?"

त्यानं पेडलाखालून डोकं बाहेर काढलं. उठून बसला आणि डाव्या हाताचा अंगठा उजव्या हातानं चोळू लागला. "दिवसाला सत्तावन्न वेळा दाबतो. दुपारनंतर अंगठा बधिर होतो," तो हळू म्हणाला. "माझी नोकरी गेली ना?"

ताई पंख्याकडे बघत होती. अर्ज तिचा, सही तिची. दोन आठवडे साहेबांची दारं झिजवून तिनंच हे आणलं होतं. अर्धवट बसलेल्या कपलरातूनही वीज जाते, तेव्हा फायनलला पेडल दाबलं की सगळे दिवे हिरवे. तिची तपासणी बरोबर आणि गाडी चूक. पाचशे-सातशे किलोमीटर हादरे खाल्ले की मग जोड सुटायला लागतो. तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला. पंखा बसून वीस दिवस कामाचे. वीस गुणिले सत्तावन्न. अकराशे चाळीस.

त्यातल्या एकशे साठ गाड्या अजून यार्डात उभ्या होत्या. हाताखालच्या दोघांना घेऊन ताई यार्डात गेली आणि एकेका गाडीत वाकून कपलर दाबत सुटली. फायनलला गाड्यांची रांग लागली, घड्याळ धापा टाकत आला, "ताई, काय चाललंय, लाइन तुंबली!" तिनं त्याचा हात धरून एका गाडीत खाली वाकवलं आणि त्याचं बोट कपलरवर नेलं. तो हलणारा कपलर बोटाला लागल्यावर घड्याळ पहिल्यांदाच मनगटाकडे बघायचं विसरला. एकशे साठांत सात सैल निघाले.

मोठे साहेब मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी तिच्यासाठी पाणी मागवलं.

"तुम्ही फार चांगलं काम केलंत," ते म्हणाले. "आजपासून पंखा बंद. यार्डातल्या गाड्या तपासून झाल्याच. बाहेरच्या पहिल्या सर्व्हिसला येतीलच, तेव्हा हळूच दाबून घेऊ. बोभाटा नको. नवी गाडी आहे, सुरुवातीलाच नाव गेलं की कायमचं गेलं."

"पहिली सर्व्हिस पाच हजार किलोमीटरला आहे, साहेब. ही गाडी सातशेला थांबली."

"थांबलीच ना? धडकली तर नाही."

"पुलावर थांबली. मागचा ट्रकवाला शुद्धीत होता म्हणून मी तुमच्यासमोर बसलेय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एक फाइल उघडून तिच्यापुढं सरकवली. तिचाच अर्ज होता. "पंख्याची मागणी तुमची होती. हे प्रकरण बाहेर गेलं की पहिला प्रश्न विचारला जाईल की हे झालं कुणामुळे. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

ताईनं अर्ज उचलून खालची आपली सही बघितली. हात दाखवून अवलक्षण, असं आई म्हणायची. पण हात आता दाखवून झाला होता.

"उत्तर मीच लिहून ठेवते," ती म्हणाली.

फायनलच्या भिंतीवर एक लाल कार्ड असायचं. ते डिस्पॅचच्या फाटकावर लटकवलं की एकही गाडी बाहेर जायची नाही, आणि तीन साहेबांच्या सह्या झाल्याशिवाय ते काढता यायचं नाही. ते कधी कुणी लटकवलेलं तिनं पाहिलं नव्हतं. तिनं त्यावर लिहिलं: पेडलाचा कपलर अर्धवट बसतो. वीस दिवसांच्या सर्व गाड्या परत तपासाव्यात. कारण: पंख्याच्या आवाजात टक ऐकू येत नाही. पंखा माझ्या अर्जावरून बसवला. कामगाराचा दोष नाही. खाली नाव लिहिलं, शिक्का मारला आणि फाटकावर जाऊन ते लटकवलं. ट्रकवाले इंजिन बंद करून खाली उतरले आणि कार्ड वाचू लागले.

संध्याकाळी भाऊ चौक ओलांडून आला तो दारातूनच ओरडत.

"सगळ्या डिलिव्हऱ्या थांबवल्यास! एकोणीस माणसं शोरूममध्ये माझा गळा धरून बसलीयत. तुझ्या नावावर गाड्या विकल्या मी, आता तुझ्याच नावानं शिव्या खातोय!"

"माझं नाव विकायला मी सांगितलं होतं का तुला?"

"नव्हतं सांगितलं. पण ऐकून गप्प बसायचीस ना? बरं वाटायचं ना?"

हे खरं होतं. भावजय मागून आली आणि नवऱ्याच्या दंडाला धरून म्हणाली, "अहो, शेजारी ऐकतायत." तो म्हणाला, "ऐकू देत, उद्या पेपरातच वाचतील!"

"वीस दिवसांत तू किती विकल्यास?" ताईनं विचारलं.

"एक्केचाळीस. का?"

"यादी दे. मी एकेकाच्या घरी जाऊन दाबून येते. बोट घालायचं काम आहे, हत्यारही लागत नाही."

"आणि सांगणार काय? आमची गाडी खराब आहे? ताई, माझं पोट आहे हे!"

तो दार आपटून गेला. ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली, मग ओट्याशी गेली, मग परत खिडकीशी. भावजयीनं आणून दिलेलं ताट तसंच निवलं.

सकाळी ती जिन्यात आली तेव्हा भाऊ खालच्या पायरीवर बसला होता. हातात घडी घातलेला कागद. "नर्सबाईंची झालीच आहे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "चाळीस राहिल्या. शोरूमच्या मालकांना सांगितलं, आजारी आहे. बोलणं माझं, बोट तुझं."

पाच दिवस दोघं दारोदार हिंडली. ताई शिफ्ट संपली की यायची. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा माल विकायला नाही, तर माफी मागायला दार ठोठावलं होतं. पहिल्या दोन घरी त्याची जीभ अडखळली. तिसऱ्या घरी सरळच म्हणाला, "चूक आमची आहे, दोन मिनिटं द्या." एका दुकानदारानं दोघांना यथेच्छ फैलावर घेतलं, आणि ताई गाडीतून डोकं काढून उठल्यावर बसायला स्टूल दिलं. एका नव्या जोडप्याच्या गाडीत कपलर हातात घेताच सुटून आला. ती पोरगी पांढरीफटक पडली. दुसऱ्याच दिवशी ते दोघं घाटानं माहेरी निघाले होते. एकूण दोन सैल निघाले. ताईचे गुडघे सोलवटले, केसांत पायपुसण्यांची धूळ गेली.

गंमत अशी झाली की ज्यांच्या दारात ही दोघं गेली, त्यांतल्या एकानंही गाडी परत केली नाही. उलट, त्यांतल्या तिघांनी आपल्या नातलगांना शोरूममध्ये पाठवलं. शोरूमचा मालक आधी भावाला काढून टाकायला निघाला होता. त्यानं हे आकडे बघितले आणि बाकीच्या शोरूमना फोन लावले. नर्सबाईंनी आणखी दोन बंद पडलेल्या गाड्यांचे मालक गाठून कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं, की तुम्ही बोलवा, नाहीतर आम्ही बोलतो. सातव्या दिवशी कंपनीनं सगळ्या गाड्या तपासणीला बोलावल्या. पत्रात 'ग्राहकांच्या काळजीपोटी' असे शब्द होते. पंख्याचा उल्लेख नव्हता, ताईचा तर नव्हताच.

पुढच्या महिन्यात विक्री निम्म्यावर आली. त्याच्या पुढच्या महिन्यात थोडी सावरली. डावरा आपल्या जागेवर राहिला. पंखा निघाला आणि त्याच्या डोक्यावर आवाज न करणारी गार हवेची नळी आली. कपलरही नवा आला. नीट बसला नाही तर पिवळी पट्टी दिसायची, कानाचं कामच नको. ताईला मात्र फायनलवरून हलवलं. कागदावर लिहिलं होतं, नेहमीची बदली. ती आता मालाच्या गोदामात येणारी खोकी उघडून बघायची. सात नंबरचा शिक्का दुसऱ्या कुणाला मिळाला. पहिल्या दिवशी तिला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं एक अख्खं खोकं परत पाठवलं आणि गोदामातल्या लोकांनी कपाळाला हात लावला.

एक्केचाळीसपैकी एकच गाडी राहिली होती. एका निवृत्त हेडमास्तरांची. दोनदा त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं आणि कंपनीचं पत्र केराच्या डब्यात टाकलं होतं. त्यांचं म्हणणं, गाडी मला उत्तम मिळाली आहे, आता दुरुस्तीच्या नावाखाली तुम्ही तिच्यातलं काहीतरी काढून घेणार.

तिसऱ्यांदा ताई एकटीच फाटकाशी गेली. भाऊ रस्त्यापलीकडे थांबला. हेडमास्तर झाडांना पाणी घालत होते.

"तुम्ही परत आलात?"

"परत आले."

"हे बघा," हातातली झारी तिच्यावर रोखत ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं पेपर तपासले. एकदा तपासलेला पेपर जो परत मागतो, तो एक तर चोर असतो नाहीतर चुकलेला असतो."

"चुकलेली आहे," ताई म्हणाली. "तुमचा पेपर मीच तपासला होता."

हेडमास्तरांची रोखलेली झारी खाली कलली. झारीतून पाणी त्यांच्याच चपलेवर पडत होतं. मग त्यांनी झारी खाली ठेवली, आत गेले आणि किल्ली घेऊन आले. ताई गुडघ्यांवर बसली, तेव्हा ते शेजारी वाकून उभे राहिले, परीक्षेत कॉपीवर नजर ठेवावी तसे. तिनं बोट नेलं, अंगठा ठेवला आणि दाबला. कपलर हलला नाही. पहिल्यापासून घट्टच बसलेला होता.

"काय मग?" त्यांनी विचारलं. "किती मार्क?"

"पैकीच्या पैकी."

"म्हटलं नव्हतं?" ते खूश होऊन म्हणाले. "पण हे मार्क गाडीला हं. तुम्हाला नाहीत."

"मला कोण देतंय," ताई म्हणाली. हात टेकून उठताना तिला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

रस्त्यापलीकडे भावानं यादीतलं शेवटचं नाव खोडलं आणि कागदाची घडी करून खिशात टाकली. "संपलं, ताई. आता घरी चल, तुझी भावजय वाट बघतेय."

"अकराशे चाळीसांतल्या नऊ अजून मिळालेल्या नाहीत," ती म्हणाली. "पत्ते बदललेत. कालच ऑफिसातून यादी आणलीय मी. त्यातल्या दोन तर इथून दोन गल्ल्या पलीकडच्या दिसतायत."

"ताई, आज रविवार आहे!"

"म्हणून तर म्हणतेय," ताई पदर खोचून चालू लागली, "माणसं घरी सापडतील."